भोक पाडण्याआधी

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज आणि बोलिंग बॉलचे फोटो मिळाले. पिनपासून सीजी तब्बल पाच इंच लांब, टॉप वेट चार औंस, शिवाय सीजीचा ठिपका पिन आणि मास बायस जोडणाऱ्या रेषेवरही नाही. सवलतीत मिळालेला बॉल सदोष तर नाही ना, अशी तुला धास्ती वाटते आहे. ती आधी मनातून काढून टाक. बॉल चांगला आहे. मात्र नेहमीच्या बॉलचा लेआउट, म्हणजे भोकांची मांडणी, उचलून याच्यावर लावू नकोस.

फोटोत तू सीजीभोवती लाल गोल केला आहेस, पिनभोवती नाही. बहुतेकांची नजर तिथेच जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पिनचा रंगीत ठिपका म्हणजे आतल्या गाभ्याचं डोकं कुठे आहे त्याची खूण. बॉल लेनवर कसा वळणार हे गाभ्याचा आकार आणि तो तुझ्या फिरण्याच्या अक्षाशी कसा कलला आहे, यावर बरंचसं ठरतं. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, ही फक्त काट्यावरच्या तोलाची खूण. तुझा बॉल १५ पौंडांचा, म्हणजे २४० औंसांचा आहे. त्यात चार औंसांचा असमतोल वळण ठरवायला फार अपुरा पडतो. सीजी पाहायचा तो नियमात बसण्यासाठी. लेआउट ठरतो पिन, मास बायस (गाभ्याच्या जड बाजूची खूण) आणि तुझा पीएपी, म्हणजे बॉल सुटतानाचं अक्षाचं टोक, या तिघांवर.

तू पाच इंच आडवा, अर्धा इंच वर असा पीएपी लिहिला आहेस. तो मागच्या वर्षीचा असेल तर पुन्हा मोज. वर्षभरात तुझं मनगट नक्कीच बदललं असणार. जुन्या बॉलवर तेलाची जी पहिली रिंग उमटते, तिच्यावरून अक्षाचं टोक काढ, तिथे पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटव आणि मित्राला मागून व्हिडिओ घ्यायला सांग. सुटल्यावर सुरुवातीच्या काही फुटांत तो तुकडा जागच्या जागी स्थिर दिसला, तर जागा बरोबर. छोटं वर्तुळ काढत फिरला, तर तुकडा किंचित हलवून पुन्हा टाक. कंटाळा करू नकोस. हे माप चुकलं तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

आता आकड्यांकडे वळू. बॉलचा घेर सुमारे २७ इंच, त्याचा चतुर्थांश पावणेसात. पिन पीएपीपासून त्याच्या निम्म्यावर, ३ ३/८ इंचांवर ठेवली की फ्लेअर, म्हणजे तेलाच्या रिंगांचं पसरणं, सर्वांत जास्त. अगदी पीएपीवर किंवा पावणेसात इंचांवर ठेवली की जवळजवळ नाहीच. तुझ्या हाताला फिरकी भरपूर आणि वेग त्या मानाने कमी. म्हणून कमाल फ्लेअरच्या मागे लागू नकोस, साडेचार इंच घे. बॉल-डिझायनर मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीत सांगायचं तर ५० अंश, साडेचार इंच, ४५ अंश. पहिला कोन मास बायसचा, शेवटचा उभ्या अक्षरेषेचा.

हे तुझ्या बॉलवर मांडून बघ. पिन अनामिकेच्या वर, थोडी उजवीकडे येते. तिथून पाच इंच खाली आलं की सीजी पकडीच्या मध्यापासून साधारण दीड इंच उजवीकडे आणि सव्वा इंच खाली पडतो. चार औंस टॉप वेट असताना सीजी एक इंच सरकला की सुमारे ०.९ औंस त्या बाजूला जातं. म्हणजे ड्रिलिंगआधी साइड वेट १.४ आणि थंब वेट १.१ औंसाच्या आसपास. १ ऑगस्ट २०२० पूर्वी यूएसबीसी या अमेरिकी बोलिंग संघटनेची या दोन्ही वजनांची मर्यादा एकेक औंस होती, त्यामुळे असा बॉल तोलात आणायला बहुधा जादा भोक पाडावं लागलं असतं. त्या दिवसापासून असं जादा भोक, म्हणजे बॅलन्स होल, बंद झालं आणि मर्यादा तीन औंस झाली. तुला ही सूट पुरेशी आहे.

पण तिलाही शेवट आहे. तू विचारलं आहेस तसा पिन-डाउन लेआउट घेतला, पिन बोटांखाली आली, तर सीजी मध्यापासून चारेक इंच खाली, अंगठ्याच्याही पलीकडे जाईल. तेव्हा थंब वेट कागदावरच ३.२ औंस होतं. अंगठ्याच्या भोकातून निघणारा माल ते थोडं कमी करील, पण त्या भरवशावर बसू नकोस. तोलात नाही बसला तर पूर्वीसारखं भोक पाडून सुटका नाही; प्लग करून सगळं पुन्हा करावं लागेल. लवकर आणि संथ वळणारा बॉल हवाच असेल, तर पिन-डाउनसाठी दोन-तीन इंच पिनचा बॉल घे. लांब पिनचा हा बॉल पिन वर ठेवूनच शोभतो, हे माझं पक्कं मत आहे.

शिवाय लेआउट सगळं करत नाही. पृष्ठभागाचा परिणाम त्याहून मोठा असतो, आणि तो घासायच्या पॅडने काही मिनिटांत बदलता येतो. बॉल फार लवकर वळला तर लेआउटला दोष देण्याआधी २००० चा पॅड वापरून बघ, मग ४०००. लांब जाऊन पकडतच नसेल तर १००० वर ये.

तुझ्या विचिटासारख्या गावात बोलिंग गांभीर्याने घेतात, चांगला ड्रिलर तुला मिळेल. त्याच्याकडे जाताना जुना बॉल आणि नवा पीएपी घेऊन जा. घाई असली तरी समोर उभा राहा, खुणा काढून झाल्यावर स्वतः टेपने मोज आणि मगच मशीनवर चढवू दे. ड्रिलिंगनंतर बॉल काट्यावर ठेवायला लाव आणि टॉप, साइड, थंब हे तिन्ही आकडे लिहून मला पाठव. लीगमध्ये तो बॉल टाकण्याआधी पाठव.

तुझा,
श्रीकांतकाका