काचबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर

बाळा, ऑपरेशनची तारीख मिळाली ते बरं झालं. आता आत्याचं ऐक. डोळ्यांच्या ओपीडीत नोकरी केलीय मी, उगाच घाबरवणार नाही.

पट्टी सुटल्यावर ‘पहिल्यापेक्षा काही जास्त दिसत नाही’ म्हणून हिरमुसू नकोस. नजर उजळते ती मोतीबिंदू काढल्यावर. काचबिंदूत सुकलेली नस परत येत नाही. डोळ्यातला दाब उतरवून उरलेली नजर राखायची, एवढ्यासाठीच हा खटाटोप. उलट सुरुवातीचे काही आठवडे धूसरच दिसेल, कारण दाब कधी गरजेपेक्षा जास्तच उतरतो. तेवढे दिवस वाकून बादली उचलायची नाही, शौचाला जोर करायचा नाही, डोळा चोळायचा नाही. पुढे मोतीबिंदूही लवकर पिकतो, तेव्हा चकित होऊ नकोस.

वरच्या पापणीखाली बारीक फुगवटा येईल. डोळ्यातलं पाणी झिरपायला डॉक्टरांनी केलेली वाट ती. शरीराला मात्र ती जखमच वाटते आणि ते ती भरून काढायला बघतं, म्हणून तिथे मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. वाट उघडी राहते खरी, पण फुगवट्याची त्वचा पातळ पडू शकते, आणि मग कित्येक वर्षांनीसुद्धा तिथून जंतू आत शिरू शकतात.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेव. पावसाळ्यात पनवेलमध्ये घरोघर डोळे येतात. शेजारी गुलाबपाणी घालतील, घालू देत. तुझा डोळा लाल झाला, चिकटला, दुखला, उजेड सोसेना, तर ‘साथ आहे’ म्हणायचं नाही. रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी गाठायचा डॉक्टर. एका रात्रीत डोळा जाऊ शकतो. मेडिकलमधून मनानं थेंब आणशील तर खबरदार. त्यात स्टेरॉइड असलं तर दाब चढतो. डॉक्टर स्वतः देतात ते मोजून, ठरावीक दिवसांपुरतं. आणि विसर्जनाला तळ्यात उतरायचं नाही, काठावरूनच हात जोडायचे.

सुटलो असंही समजू नकोस. आधी एखादं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर एक अभ्यास झाला होता. त्यात 5 वर्षांत हे ऑपरेशन जवळजवळ निम्म्या डोळ्यांत अपुरं ठरलं, याऐवजी पाणी झिरपायला नळी बसवलेल्यांत 30 टक्क्यांच्या आसपास. तुझा डोळा कोरा आहे, तुझा हिशेब याहून बरा असेल. पण पुन्हा थेंब लागले तर ऑपरेशन फुकट गेलं असं नव्हे. दाब चढला तरी दुखत नाही, ही खरी गोम; म्हणून तपासणी चुकवायची नाही. पूर्वी मुंबई गाठावी लागे, आता उरण रोडवर लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा आहे. लांब पडतं ही सबब चालणार नाही. फाइल टाकू नकोस, फील्ड टेस्टचे जुने कागद तर मुळीच नाही. नवा डॉक्टर आधी तेच मागतो.

आणि हे दुखणं घराण्यात चालतं. तुझ्या भावाबहिणींना चष्म्याचा नंबर नको, दाब आणि नस तपासायला घेऊन जा, याच महिन्यात.