साखरपुड्याची अंगठी : आकडा कसा ठरवावा?

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफी पेढीत माझी अर्धी हयात काउंटरमागे गेली. मंगळसूत्रं, पाटल्या, तोडे सगळं विकलं. पण सगळ्यांत अवघडून बसलेलं गिऱ्हाईक पाहिलं ते साखरपुड्याच्या अंगठीचं. मुलगा, मुलगी, दोघांच्या आया, सोबत एखादी आत्या किंवा मामी. किती खर्च करायचा हे कुणाचंच नक्की ठरलेलं नसतं आणि एकमेकांसमोर ते बोलायचा संकोच वाटतो. पुढे माझ्या मुलाचा आणि मुलीचा साखरपुडा झाला, तेव्हा मी काउंटरच्या अलीकडेही बसले. दोन्हीकडून पाहून जे पटलं, ते इथे मांडते.

१. पगाराचं सूत्र विसरून जा

‘दोन महिन्यांच्या पगाराची अंगठी घ्यायची असते ना?’ असं हल्ली बरीच मुलं विचारतात. हे सूत्र ना शास्त्रात आहे, ना आपल्या रीतीत. ते हिरे विकणाऱ्यांच्या जाहिरातीतून आलं. डी बिअर्स कंपनीसाठी ‘हिरा कायमचा असतो’ या अर्थाची प्रसिद्ध ओळ १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेनं लिहिली. पुढे त्याच कंपनीच्या जाहिरातींनी अमेरिकेत दोन महिन्यांचा पगार आणि जपानात तीन महिन्यांचा, असं माप लोकांच्या मनात बसवलं. आपल्याकडे साखरपुड्याला मान कुंकवाचा, साडीचा, ओटीचा आणि साखरेच्या पुड्याचा. अंगठी त्यात मागाहून आली. ती आली याचा आनंदच आहे, पण तिचं माप परक्या जाहिरातीकडून घ्यायचं कारण नाही.

२. आधी पूर्ण लग्नाचा हिशेब, मग अंगठीचा

अंगठी पहिली येते, म्हणून तिच्यावर हात सैल सुटतो. पण मंगळसूत्र पुढेच असतं. कार्यालयाचा ॲडव्हान्स, केटरर, साड्या, आहेर, आणि वेगळं बिऱ्हाड करायचं असेल तर घराचं डिपॉझिट, हे सगळं सहा-आठ महिन्यांत अंगावर येतं. याद्या करायला बसाल त्याच दिवशी हे आकडे एका कागदावर मांडा आणि अंगठीची रक्कम शेवटी भरा.

माझं साधं माप असं : अंगठीचे पैसे दिल्यावर मुलाच्या खात्यात निदान तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहिला पाहिजे. तो राहत नसेल तर अंगठी हलकी घ्यावी. पर्सनल लोन काढून किंवा क्रेडिट कार्डची बाकी थकवून अंगठी कधीच घेऊ नये. कार्डाचं व्याज बहुतेक वेळा महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे असतं आणि ते फेडताना दोघांच्याही पगाराला कात्री लागते. लग्न वर्षभर लांब असेल, तर पेढ्यांच्या अकरा महिन्यांच्या सुवर्ण भिशीत दरमहा थोडे पैसे टाका. मात्र घडणावळीत किती सूट मिळणार आणि सोनं कोणत्या दिवसाच्या भावानं मिळणार, हे लेखी घ्या.

३. जिच्या बोटात जायची, तिला विचारा

एकदा एक मुलगी होणाऱ्या सासूबाईंबरोबर आली होती. ती मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स. सासूबाईंनी उंच बसवलेल्या हिऱ्याची अंगठी पसंत केली. मुलीनं ती घातली, हात उलटसुलट केला आणि हळूच मला म्हणाली, ‘‘ताई, यावरून ग्लोव्ह चढणार नाही. चढला तरी फाटेल.’’ सासूबाईंनी ते ऐकलं. ‘‘अगं, मग आधी नाही का सांगायचं? घरात ठेवायला थोडीच घ्यायची आहे?’’ मग आम्ही बेझल सेटिंगच्या अंगठ्या काढल्या. त्यात हिऱ्याभोवती सोन्याची कड असते, काटे वर येत नाहीत. खडा लहान, बैठक सपाट. मुलीनं ती बोटात घातली आणि काउंटरवरची पिशवी, पर्स, रुमाल सगळं उचलून पाहिलं. कशातच अडकली नाही. किंमत पहिल्या अंगठीच्या निम्म्याहून कमी भरली, आणि दोघी खुशीत गेल्या.

अंगठी रोज वापरायची असते. कणीक मळताना, गाडी चालवताना, कीबोर्डवर, प्रयोगशाळेत. मुलीचं काम काय, तिला पिवळं सोनं आवडतं की रोझ गोल्ड, हिरा हवा की नुसतं वेढणं, हे विचारल्याशिवाय रक्कम ठरवणं म्हणजे अर्धी माहिती घेऊन बाजारात जाणं. आश्चर्याचा धक्का द्यायची हौस असेल तर ती दुसऱ्या एखाद्या भेटवस्तूवर भागवावी.

४. दोन्ही अंगठ्यांचं बोलणं एकत्र करा

मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची आणि मुलाची मुलीकडच्यांनी, ही आपली रूढ पद्धत. त्यात एक धोका आहे. एका बाजूनं भारी अंगठी घेतली की दुसऱ्या बाजूवर न बोलता दडपण येतं, आणि ते बहुधा मुलीच्या वडिलांवर येतं. ‘आम्ही इतक्या ग्रॅमची घालतोय, तुमचं तुम्ही बघा,’ हे वाक्य मी काउंटरवर ऐकलं आहे आणि ते ऐकून खाली गेलेल्या माना पाहिल्या आहेत. लग्नासाठी सोन्याची मागणी करणं हा १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानं गुन्हा आहे. आडवळणानं मागितलं तरी ती मागणीच.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही दोन्ही घरांनी मिळून दोन्ही अंगठ्यांसाठी एकच कमाल रक्कम ठरवली आणि खरेदीला एकत्र गेलो. मुलगा-मुलगी दोघंही कमावती असतील, तर त्यांनीच दोन्ही अंगठ्या आपल्या पैशांनी घ्याव्यात. याहून स्वच्छ सुरुवात नाही.

५. पैसा कशात जातो, ते बिलावर पाहा

हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. ४ ग्रॅमच्या अंगठीत सोनं ४०,००० चं. घडणावळ १५ टक्के धरली तर ६,०००. या ४६,००० वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,३८०. हॉलमार्किंगचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. बिल झालं साधारण ४७,४०० चं. उद्या ती मोडली तर सोन्याचेच पैसे येतील. घडणावळ आणि कर गेले ते गेले.

भावावर घासाघीस होत नाही, घडणावळीवर होते. तेव्हा बोलायचं ते तिथे. खड्याची अंगठी असेल तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. खडा सोन्याच्या भावानं विकत घेऊ नका.

६. हिरा आवडीसाठी घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका

हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटमध्ये, म्हणजे ७५० शुद्धतेत घडवतात, कारण २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं, खडा घट्ट धरत नाही. हिऱ्याच्या वजनातला एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. वजन वाढेल तसा कॅरेटमागचा दरही चढतो, त्यामुळे पूर्ण एक कॅरेटचा आग्रह महाग पडतो. ९० सेंटचा, चांगल्या कटचा हिरा बोटात तितकाच मोठा दिसतो आणि पुष्कळ पैसे वाचतात. चमक मुख्यतः कटवर अवलंबून असते.

आता सुरतेत प्रयोगशाळेतले हिरेही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. तोही कार्बनच, तोही खरा हिरा. साध्या भिंगातून दोन्हींतला फरक कळत नाही. जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. अशा हिऱ्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या मानानं फारच कमी. पण मोडीला त्याचे फारसे पैसे येत नाहीत, हे समजून घ्या. नैसर्गिक हिरा विकतानाही बराच तोटा होतो. जीआयए किंवा आयजीआयचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावर नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे वाचूनच पैसे द्या. बदलून घेताना किती टक्के मिळतील, हेही बिलावर लिहून घ्या.

७. हॉलमार्क स्वतः तपासा

१ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असणं बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) चिन्ह, शुद्धता (२२के९१६ किंवा १८के७५०) आणि एचयूआयडी, अशा तीन गोष्टी अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून दिसतात. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक घालून तिथल्या तिथे पडताळा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना यातून सूट आहे. बजेट लहान असलेले अनेक जण याच वजनात घेतात, म्हणून त्यांनी शुद्धता बिलावर जरूर लिहून घ्यावी.

८. दुकानात शिरताच बजेट सांगा

‘आधी दाखवा तर,’ म्हणणाऱ्यांपुढे आम्ही सगळे ट्रे मांडतो आणि नजर भारी वस्तूवर जाते. मग हलकी अंगठी उगीच उणी वाटू लागते. त्याऐवजी ‘जीएसटी धरून ३० हजारांच्या आत’ असं स्पष्ट सांगा. चांगला सेल्समन त्याच रकमेत उत्तम तेच काढून देतो. एवढ्याशा रकमेला दुकानदार नाक मुरडेल, या भीतीनं आकडा फुगवू नका. नाक मुरडणाऱ्या दुकानातून उठून यावं. शेजारी दुसरं दुकान आहे.

९. दिलेली अंगठी तिची

मुलीला घातलेली अंगठी तिचं स्त्रीधन होतं. लग्नानंतर ती कुठे ठेवायची, मोडायची की नवी घडवायची, हे तिनं ठरवायचं. म्हणून बिल, हिऱ्याचं प्रमाणपत्र आणि हॉलमार्कची नोंद साखरपुड्याच्या दिवशीच तिच्या हाती द्या.

आणि अजूनही आकडा ठरत नसेल, तर दोघांनी मिळून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा खर्च लिहा : भाडं, किराणा, प्रवास, दोघांच्या आईवडिलांना पाठवायचे पैसे, आजारपणासाठी बाजूला ठेवायची रक्कम. यातल्या एकाही ओळीला हात न लावता जेवढे उरतील, तेवढ्यांतच अंगठी घ्या. पाच हजार उरले तर पाच हजारांची घ्या. संसार धडपणे चालला, तर मोठी अंगठी लग्नाच्या पाचव्या वाढदिवसालाही घेता येते. पहिल्याच वर्षी झालेलं कर्ज मात्र घरातल्या प्रत्येक बोलण्यात येऊन बसतं.