गळा सांभाळ, सोबत सांभाळ

पोरी, तुमचा क्वायर जुलैत वेल्समधल्या लँगोलेनच्या संगीत महोत्सवातल्या स्पर्धेत गायला निघालाय हे कळल्यापासून तुझी आई बॅगा मोजतेय आणि तू गाणी घोकतेयस. दोन्ही हवंच. पण गाणं आणि बॅग यांच्या मधे जे असतं, म्हणजे झोप, पाणी, मोजे, वेळेवर हजर राहणं, ते सांगायला मावशी लागते. व्हायोलिनवाला आपलं वाद्य रात्री पेटीत बंद करून निवांत झोपतो. तुमचं वाद्य म्हणजे तुम्ही सगळी पोरं, आणि ते वाद्य रात्री बारापर्यंत एकमेकांच्या खोल्यांत खिदळत बसतं! म्हणून परदेशात गळ्याची तयारी म्हणजे अख्ख्या माणसाची तयारी, आणि आपल्याइतकीच शेजारणीची काळजी. आता एकेक ऐक.

निघण्याआधी

१. पासपोर्ट आजच उघडून तारीख बघ — अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट बहुधा ५ वर्षांचाच असतो, आणि तो कधी संपला हे घरात कुणाच्याच ध्यानात नसतं.

२. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. दार उघडलं की लगेच आत शिर — बोटांचे ठसे द्यायला ज्याचं त्यालाच केंद्रावर जावं लागतं, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत ती तारीख आली की घरभर धावपळ होते.

३. आईबाबांच्या सह्यांचं संमतीपत्र आणि सोबतच्या शिक्षकांचं नाव-फोन हातातल्या पिशवीत ठेव, एक प्रत क्वायरच्या मॅडमकडे दे — विमानतळावरच्या अधिकाऱ्याने “कुणाबरोबर आलीस?” विचारलं, तर घाबरलेल्या तोंडापेक्षा कागद नीट बोलतो.

४. स्पर्धेचे कपडे आणि गाण्यांची काळी फाइल मोठ्या बॅगेत टाकू नकोस — ती बॅग दोन दिवस उशिरा आली तर एकाच टी-शर्टवर भागतं, गणवेशावाचून भागत नाही. रंगमंचावर जे लागतं, ते खांद्यावर असावं.

५. गाण्यांच्या प्रती विकत घेतलेल्या असू देत, झेरॉक्स नकोत — परीक्षक बहुतेक ठिकाणी मूळ छापील प्रतीच मागतात, आणि ज्याने ते गाणं रचलं त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

६. खाऊत पेढे, बर्फी, पनीर नको — आपल्याकडून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याची वाटीही घरीच राहू दे, त्यातल्या तेलामुळे ती पेट घेऊ शकते म्हणून विमानवाले ती धोक्याची मानतात. चकल्या आणि खाकरे खुशाल ने.

७. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. कात्री आणि सुई-दोरा मोठ्या बॅगेत — उलटं केलंस तर तपासणीच्या रांगेत सगळा क्वायर तुझ्यासाठी खोळंबेल. तिथला प्लग चपट्या तीन पिनांचा असतो, तो जोड इथूनच घे.

८. नवे बूट आत्तापासून घालायला लाग, आणि मोजे दुप्पट भर — वेल्समध्ये जुलैतही पाऊस येतो-जातो, आणि ओल्या पायांनी आलेली सर्दी थेट नाकातल्या सुरात उतरते.

९. नऊवारीत गायचं असेल तर घरचा जिना नऊवारीत चार वेळा चढ-उतर — रंगमंचावर लाकडी पायऱ्यांवर उभं राहायचं असतं, आणि तिथे निरीला पाय लागला तर पुढची अख्खी रांग डगमगते.

विमानात आणि बसमध्ये

१०. रिकामी बाटली बरोबर ठेव, तपासणी झाली की भरून घे आणि घोट घोट पीत राहा — विमानातली हवा फार कोरडी असते, आणि घशाला ते तहान लागण्याच्या आधीच कळतं.

११. विमानात गप्पा कमी मार, अवघड आहे तुला, मला ठाऊक आहे — इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोललेले आठ तास म्हणजे आठ तास ओरडणंच. कमी बोलावं, मोठं गावं.

१२. प्रत्येकाला एक नंबर आणि एक जोडीदार असू दे, बस हलण्याआधी नंबर मोठ्याने म्हणायचा आणि जोडीदाराकडे बघायचं — “सगळे आलेत ना?” या प्रश्नाला गर्दी नेहमी “हो” म्हणते. मोजून चढावं, मोजून उतरावं.

१३. बसमध्ये अंताक्षरी एखादा तास पुरे — लंडनपासून लँगोलेन लांब आहे, आणि रस्त्यात खर्चलेला आवाज रंगमंचावर उसना मिळत नाही.

पोहोचल्यावर

१४. उतरल्या उतरल्या घड्याळ साडेचार तास मागे कर आणि तिथली रात्र होईपर्यंत झोपू नकोस — जुलैत तिकडे साडेनऊ वाजता उजेड असतो, तेव्हा वेळेवर पडदा ओढणं तुझ्याच हातात आहे. झोप मोडली की सूर मोडला.

१५. आईला फोन तिथल्या संध्याकाळी सहाच्या आत कर — तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात, आणि ती जागीच असते, कितीही नाही म्हणू दे.

१६. घसा बसला तर त्याच क्षणी मॅडमना सांग, आणि कुजबुजूही नकोस — ओढून-ताणून केलेल्या कुजबुजीनेही घशावर ताण येतो. त्यापेक्षा वाफ घे, गप्प बस, कागदावर लिहून बोल.

१७. गोळ्या-औषधं आपापलीच घे, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट — मैत्रिणीला लागू पडलेली गोळी तुला झोपवू शकते किंवा तुझा घसा कोरडा पाडू शकते.

१८. पाळीचं सामान सगळ्या मुलींनी घरूनच न्यावं, आणि कुणाला अचानक लागलं तर न विचारता द्यावं — प्रवासात तारखा पुढेमागे होतात, आणि त्या छोट्या गावातली दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात.

१९. डिनास ब्रॅनच्या टेकडीवरचे किल्ल्याचे अवशेष आणि १८०५ सालचा पाँटकसिल्टे जलसेतू जरूर बघ, पण गाऊन झाल्यावर — आदल्या दिवशी टेकडी चढून आलेले पाय आणि वाऱ्यात भिजलेले कान दुसऱ्या दिवशी तालमीला आळसावतात.

२०. चुकामूक झाली तर शोधत फिरू नकोस, आहेस तिथेच थांब. खरंच संकट आलं तर ९९९ लाव — दोघं एकमेकांना शोधत फिरले की दोघंही हरवतात. जिथे चुकामूक, तिथेच मुक्काम.

गाण्याच्या दिवशी

२१. पोटभर नाही, पण खाऊनच निघ — रिकाम्या पोटी श्वास टिकत नाही, आणि तुडुंब पोटी तो खाली उतरत नाही.

२२. उभी राहिलीस की गुडघे आवळू नकोस — गुडघे ताठ ठेवून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ताठ पाठ, मोकळा गुडघा. तरी गरगरलंच तर पडण्याआधी खाली बस, लाज बाळगू नकोस.

२३. काचेच्या बांगड्या आणि पैंजण रंगमंचामागे काढून ठेव — सगळ्यांनी मिळून अगदी हळू घेतलेल्या सुरात एक किणकिण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

२४. शेजारीण श्वास घेते तिथे तू घेऊ नकोस — सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की सूर तुटतो. वाटून घेतला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा सूर संपतच नाही.

२५. रंगमंचावरच्या तालमीत आधी सभागृहाचं ऐक, मग आपलं — आपल्या तालमीच्या खोलीत आवाज भिंतीवरून लगेच परततो, मोठ्या मंडपात तो उशिरा येतो, आणि त्याची वाट बघितली की लय मागे पडते. तिथे कानावर नको, मॅडमच्या हातावर विश्वास ठेव.

२६. चुकलं तर चेहरा चुकवू नकोस — परीक्षकांना एक सूर निसटलेला कदाचित कळणार नाही, पण तू शेजारणीकडे टाकलेला कटाक्ष नक्की दिसेल.

२७. मागच्या रांगेत उभं केलं म्हणून फुरंगटू नकोस — १९५५ साली इटलीतल्या मोदेना गावचा क्वायर याच लँगोलेनला पहिला आला, तेव्हा त्या घोळक्यात वडिलांबरोबर गाणारा १९ वर्षांचा एक पोरगा होता, लुचियानो पावारोत्ती. क्वायरमध्ये रांग उंचीने लागते, मोलाने नाही.

निकालाच्या आधी आणि नंतर

२८. आपलं झालं की खोलीवर पळू नकोस, बाकीचे क्वायर ऐकायला बस, आणि आत-बाहेर जायचं ते दोन गाण्यांच्या मधेच — एवढ्या देशांचे गळे एका मंडपात पुन्हा कधी ऐकायला मिळतील? पुढच्या वर्षीचं गाणं तिथेच सापडतं.

२९. रोज एका परक्या क्वायरमधल्या मुलीशी ओळख कर — महायुद्ध संपल्यावर माणसं पुन्हा जोडावीत म्हणूनच हा महोत्सव १९४७ साली सुरू झाला. १९४९ साली जर्मनीतल्या ल्युबेकचा क्वायर आला, तेव्हा युद्धाच्या जखमा ओल्या असूनही तिथल्या लोकांनी त्यांना मित्र म्हणून जवळ केलं. तुला तर फक्त “हॅलो” म्हणायचंय.

३०. निकाल कसा लागतो ते आधीच समजून घे — लँगोलेनला पहिला-दुसरा नंबर काढतात. वर्ल्ड क्वायर गेम्ससारख्या ठिकाणी मात्र गुणांच्या टप्प्यांवर सुवर्ण, रौप्य, कांस्य देतात, आणि सुवर्ण एकापेक्षा जास्त क्वायरना मिळू शकतं. २०१० साली चीनमधल्या शाओशिंगला आपल्या शिलाँग चेंबर क्वायरने तशी सुवर्णपदकं आणली. पद्धत माहीत असली की हसावं की रडावं हे शेजारच्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत नाही.

३१. परीक्षकांचे शेरे त्याच रात्री वाचून वाद घालू नकोस, घरी येऊन आठवड्याने सगळ्यांनी मिळून वाचा — थकलेल्या डोळ्यांना त्यात फक्त उणं दिसतं, आणि कौतुकाची ओळ निसटून जाते.

३२. खुर्च्या मांडणाऱ्या, रस्ता दाखवणाऱ्या माणसांचे निघण्याआधी आभार मान — तो महोत्सव पुष्कळसा गावातल्या स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो, आणि त्यांना मिळते ती एवढीच बिदागी.

३३. परत आलीस की दोन दिवस झोप काढ, आणि तिसऱ्या दिवशी वहीत लिहून काढ: काय न्यायला हवं होतं, काय उगाच नेलं, कोणतं गाणं तिथे जमलं आणि का — पुढच्या वर्षी तुझ्याहून लहान मुली निघतील, आणि त्यांना हे सगळं सांगायची पाळी तुझी असेल.