मोजक्या ध्वनींची तजवीज

प्रश्न : संगणकावर संगीत रचतो. ध्वनी हजारो आहेत, पण एकही रचना तडीस जात नाही. काय करावे?
— एक वाचक, संतपूर (जि. बिदर)

उत्तर : आपली अडचण साधनांच्या दारिद्र्याची नसून विपुलतेची आहे. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दहा रागांची जी ध्वनिमुद्रिका सिद्ध केली, तिचा कारभार रोलँडच्या तीन यंत्रांवर, म्हणजे ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागविस्तारासाठी ज्युपिटर-८ यांवर, चालला होता. त्यांतील टीबी-३०३ मध्ये मूळ तरंग अवघे दोन. तरीही फिल्टरची खुंटी हळूहळू फिरवीत गेले आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे घसरत गेले, की त्याच दोन तरंगांतून जे वैचित्र्य उमलते, ते हजार ध्वनींच्या संग्रहातून क्वचितच लाभते. भूपाळीत मध्यम-निषाद वर्ज्य असूनही ती अपुरी का वाटत नाही, हे आपल्या कानांना ठाऊक आहेच.

सबब एक ठेका, एक खर्ज, एक सुरेल ध्वनी मुकर्रर करावा, बाकीचे दप्तर रचना पुरी होईपर्यंत बंद ठेवावे, आणि पालट हवासा वाटला तर त्याच ध्वनींचा आघात, लांबी व फिल्टर बदलावा. आपल्याकडील हलगी ध्वनिमुद्रित करून घेतलीत, तर तीही या तिहींतच धरावी.