जमिनीखालची गळती

शास्त्रवाचन: योहान 6:1–13



पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले. पाच भाकरींतून एवढे देणाऱ्याला तुकड्यांची काय गरज? तरी बारा टोपल्या भरल्या. देवाचे दान मुबलक असले, तरी ते वाया घालवण्याचा हक्क आपल्याला नाही. हाच धडा आज पाण्याला लावून पाहू.

वाकडच्या नळाला येणारे पाणी मावळातल्या पवना धरणाचे. ते नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे उचलून निगडीत शुद्ध केले जाते. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. याच पाण्यासाठी आखलेल्या बंद जलवाहिनीला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन जणांचा जीव गेला. इतक्या मोलाचे पाणी वाटेतच मातीत मुरू द्यायचे का?

रस्त्यावर उसळणारी गळती सर्वांना दिसते. जमिनीखाली महिनोन्महिने झिरपणारी दिसत नाही. ती शोधायला आता सेन्सर वापरतात. दाबमापक सेन्सर दाब अचानक घसरला की कळवतो. प्रवाहमापक विभागात शिरलेले पाणी मोजतो. पुरवठा चालू असून सगळे झोपलेले असताना, रात्री दोन ते चारच्या दरम्यान, प्रवाह जास्तच राहिला तर गळतीचा संशय येतो. तिसरा सेन्सर ऐकतो. भेगेतून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज नळातून दोन्ही बाजूंना जातो. दोन ठिकाणच्या सेन्सरपर्यंत तो किती अंतराने पोचला, यावरून भेगेची जागा काढता येते. लोखंडी नळात हा आवाज दूरवर जातो, प्लास्टिकच्या नळात लवकर विरतो. पुरवठा बंद असताना मात्र तीच भेग उलटे काम करते: बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते आणि कावीळ, जुलाब घरात येतात.

आता पाड्याकडे वळू. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर पाण्याचे आहे. पण वाटेत गळती असली, की तोटा सर्वांत आधी शेवटच्या नळाला होतो, आणि शेवटचा नळ बहुधा कातकरी वस्तीचा असतो. वर बोलही त्यांनाच: “यांनीच नळ फोडला असेल.” शेवटच्या नळावरचा दाबमापक अशा वेळी खरी साक्ष देतो. तो जात विचारत नाही. मात्र यंत्र फक्त जागा दाखवते; खड्डा खणून नळ जोडायला माणूसच लागतो.

सेन्सर नसला तरी परीक्षा घेता येते. रात्री टाकीत येणारे पाणी आणि सर्व तोट्या बंद करा, काठीने पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद टाकीत पाच सेंटिमीटर घट म्हणजे 200 लिटर. साडेतीन माणसांचा दिवसाचा वाटा! हे काम पाड्यावरची तरुण मुलेही करू शकतात.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या सोसायटीत, मंडळीच्या आवारात गळती कुठे आहे? ती कोण दुरुस्त करणार?
2. पाणी कमी आले की आपण आधी कोणाला दोष देतो?
3. नळयोजनेला देणगी देताना पुढच्या देखभालीचा विचार आपण करतो का?

प्रार्थना: हे प्रभो, जे आम्हाला दिसत नाही ते पाहायला शिकव, आणि शेवटच्या नळावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बहिणीची आठवण आम्हाला राहू दे. आमेन.