वृक्षतोड आणि टसर कोषांची सुप्तावस्था

भामरागडच्या मिश्र वनांत ऐन व अर्जुन हे वृक्ष आढळतात. वन्य टसर पतंगाच्या अळ्या मुख्यतः ह्या वृक्षांच्या पानांवर पोसतात. त्यांच्या कोषालाच विदर्भात कोसा म्हणतात. ह्याच गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडील ढिवर समाजाने टसरपालनाचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे.

वर्षातील अखेरच्या पिढीची अळी हिवाळ्याच्या सुमारास कोष विणते. कोषाचा देठ फांदीभोवती कड्यासारखा घट्ट बसतो. त्यामुळे पानगळ झाली, वारा सुटला, तरी कोष झाडावरच राहतो. आतील जीव अनेक महिने सुप्तावस्थेत असतो व पावसाळ्याच्या आरंभी पतंग होऊन बाहेर येतो. हा पतंग काहीही खात नाही. थोड्या दिवसांच्या आयुष्यात मीलन होऊन मादीने अंडी घालावयाची असतात.

झाडे तोडण्याचा हंगामही नेमका हिवाळा व उन्हाळा हाच होय. झाड पडले की त्यावरील कोष जमिनीवर येतात आणि मुंग्या, उंदीर व वणवा ह्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. आजूबाजूची सावली विरळ झाल्यास उभ्या झाडांवरील कोषांनाही ऊन लागते. अति उष्णतेने काही जीव आतच मरतात, तर काही पतंग अवेळी बाहेर पडून जोडीदारावाचून वाया जातात. मेक्सिकोच्या पर्वतांत हिवाळा काढणाऱ्या मोनार्क फुलपाखरांचा अनुभवही असाच आहे. तेथे वन विरळ झाल्यास फुलपाखरे पावसाने भिजतात व रात्रीच्या थंडीने गोठून मरतात. संकट उष्णतेचे असो वा थंडीचे, निवारा वृक्षांच्या छत्राचाच असतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) तोडीपूर्वी ऐन व अर्जुनाच्या फांद्या पाहाव्यात. निष्पर्ण झाडावर कोष सहज दिसतात.

(२) कोष असलेली झाडे एकेकटी न ठेवता समूहाने राखावीत.

(३) पाल्यासाठी झाड बुंध्याशी न तोडता फांद्या छाटाव्यात.

(४) तोडलेल्या झाडावरील कोष फांदीसह काढून सावलीत, हवेशीर जागी टांगावेत.

(५) सर्वच कोष न वेचता काही बियाण्यासाठी झाडावर सोडावेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने टसर व कोष ह्यांची गणना गौण वनोपजात केली आहे. तेव्हा ग्रामसभांनी हे नियम आपापल्या वनांत ठरवून घेणे हितावह आहे. हिवाळ्यात राखलेला कोष हेच पुढील पावसाळ्याचे बियाणे होय.