फेकलेला कचरा जातो कुठे?



‘कचरा फेकून दिला’ असे आपण अगदी सहज म्हणतो. पण फेकून दिला म्हणजे नक्की कुठे दिला, सांगा बरं? आपल्या हातातून तो सुटला, एवढेच खरे. गावातून तो काही गेला नाही. आज आपण त्याच्या मागोमाग जाऊ. गावे आणि नगर परिषदा रस्त्यावरचा कचरा कमी करण्यासाठी काय करतात, तेही पाहू.

१. कुजणारा आणि न कुजणारा

आपले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मिरचीचे देठ, भाजीचा पाला, केळीचे साल, शेण, हा सारा कुजणारा कचरा. मातीत पुरला की काही महिन्यांत त्याचे खत होते. आपल्या आजी-पणजीच्या काळी घरातला बहुतेक कचरा असाच असे. तो उकिरड्यावर जाई आणि उन्हाळ्यात गाडीत भरून शेतात जाई.

आता दुसरा कचरा बघा. पातळ पिशवी, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, शॅम्पूची पुडी, पाण्याची बाटली. हा माती खात नाही. वर्षानुवर्षे तसाच राहतो, त्याचे फक्त तुकडे होत जातात. पुड्याचा तो चकचकीत कागद पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवून केलेला असतो. ते पापुद्रे वेगळे करणे अवघड, म्हणून भंगारवालाही तो घेत नाही.

२. कचऱ्याचे मुक्काम

पहिला मुक्काम नाली. पिशवी नालीत अडकली की पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या नांदेड जिल्ह्यात जवळपास तेवढा पाऊस पडायला सारे वर्ष लागते! पाऊस तर प्रचंड होताच. पण गटारे आणि नाले प्लास्टिकने तुंबलेले होते, म्हणून पाणी ओसरायला जास्त वेळ लागला. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांविरुद्धचे नियम कडक झाले.

दुसरा मुक्काम डासांचे घर. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. फेकलेला चहाचा कप, नारळाची करवंटी, जुने टायर, एवढे पाणी त्याला पुरते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा असे सांगतात, ते याचसाठी.

तिसरा मुक्काम गाईचे पोट. उरलेली भाजी आपण पिशवीत बांधून फेकतो. गाईला हात नाहीत, ती गाठ कशी सोडणार? ती पिशवीसकट खाते. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी काही लागत नाही. गाय खंगते, कधी मरतेही.

शेवटचा मुक्काम नदी. आपल्या भागातले पाणी अखेर गोदावरीला मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पावसाळ्यात पाणी पुढे बासरकडे आणि श्रीरामसागर धरणाकडे जाते. वाहून आलेला कचराही त्याच वाटेने जातो. आपण इथे टाकलेली बाटली खालच्या गावच्या घाटाला लागते. आपल्या वरच्या गावांचा कचरा मात्र आपल्याकडे येतो. कोण कुणाला दोष देणार?

कुणी म्हणेल, मग जाळून टाकू. तेही चूक. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि तो आपल्याच गल्लीत राहतो.

३. खराट्याची मोहीम

महाराष्ट्रात सफाईच्या मोहिमेचे नाव घेतले की गाडगेबाबा आठवतात. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. ते शाळा शिकले नव्हते. गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रस्ते झाडीत. रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचार करायला लावीत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच नावाने राज्य शासनाने २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री होते. गावागावांची स्पर्धा लागली. लोकांनी श्रमदानाने नाल्या काढल्या, उकिरडे हलवले. पुढे २ ऑक्टोबर २०१४ रोजी देशभर स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात माझी वसुंधरा अभियान.

कायदाही मदतीला आला. २०१६ च्या नियमांनी ओला कचरा, सुका कचरा आणि घरातला घातक कचरा वेगळा करणे प्रत्येक घराचे काम ठरवले. २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिकचे कप, चमचे, नळ्या देशभर बंद झाले.

४. वेंगुर्ल्याने काय केले?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले नावाचे छोटे शहर आहे. वस्ती सुमारे १२ हजार. तिथल्या नगर परिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून द्यायची सवय लावली. ओल्या कचऱ्यापासून खत आणि गॅस तयार झाला. प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्याच्या कामात वापरले. जिथे आधी कचऱ्याचा ढीग असे, तिथे बाग फुलली आणि लोक ती बघायला येऊ लागले.

त्यांनी जादू केली नाही. कचरा रस्त्यावर येण्याआधी, घरातच वेगळा केला. सारे गणित तिथेच सुटले.

५. मोहीम का विरते?

फलक लागतो, फेरी निघते, फोटो निघतो. आठ दिवसांनी रस्ता पुन्हा होता तसाच. असे का होते? कारण आपण झाडण्याची मोहीम काढतो, न टाकण्याची काढत नाही. १९६५ च्या कायद्याने रस्ते झाडणे हे नगर परिषदेचे कर्तव्य आहे. ते तिने केलेच पाहिजे. पण सकाळी सातला झाडलेल्या रस्त्यावर आठला पुडी पडली, तर कर्मचारी दिवसभर मागे फिरणार का?

आणि एक गोष्ट विसरू नका. आपण टाकतो ते कुणीतरी हाताने उचलतो. डब्यातली फुटकी काच किंवा ब्लेड त्या मावशींच्या, त्या काकांच्या बोटात जाते. म्हणून काच-ब्लेड जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. हे काम करायला पैसा लागत नाही, फक्त दुसऱ्याचा विचार लागतो.

६. करून पाहा

(अ) शाळेच्या फाटकापासून शंभर पावले मोजा. वाटेत किती कागद, पुड्या, पिशव्या दिसल्या ते रोज वहीत लिहा. हात लावू नका, फक्त मोजा. आठ दिवसांनी गुरुजींच्या मदतीने फाटकाजवळ एक डबा ठेवा आणि आणखी आठ दिवस मोजा. आकडा कमी झाला का? नसेल, तर डबा कुठे हलवावा?

(आ) शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा करा. पालापाचोळा, डब्यातली साले आणि माती यांचे थर द्या. अधूनमधून पाणी शिंपडा. त्यातच एक पिशवीचा तुकडाही पुरा. तीन महिन्यांनी उकरून पाहा. काय कुजले, काय तसेच राहिले?

(इ) बाजाराला जाताना घरातली कापडी पिशवी आईला आठवणीने द्या.

प्रश्न

१) आपल्या गल्लीतल्या नालीचे पाणी कुठे जाते? घरच्या मोठ्या माणसांना विचारून नकाशा काढा.
२) डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस का पाळतात?
३) बिस्किटाच्या पुड्याचा कागद भंगारवाला का घेत नाही?
४) दंडाने कचरा कमी होईल, की सवयीने? तुमचे मत पाच ओळींत लिहा आणि या भिंतीवर लावायला आणून द्या.